रहीमसाहेब : लहान मैदानाचे मोठे गुरू

मनुष्याच्या थोरवीचे मोजमाप करताना आपण बहुधा त्याने मिळविलेल्या ढाली आणि पदके मोजतो. ती मोजणे सोपे असते. परंतु ज्याने ती पदके दुसऱ्यांकडून मिळवून घेतली, स्वतः मैदानाच्या कडेला उभे राहून ज्याने इतरांच्या पायांना वळण आणि डोक्याला विचार दिला, त्या शिक्षकाचे ऋण मोजावयास आपल्याजवळ माप नसते. हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम हे अशा शिक्षकांपैकी एक होते. भारतीय फुटबॉलच्या इतिहासात जी काही सोनेरी वर्षे म्हणून सांगितली जातात, ती सारी या एका शाळामास्तराच्या हयातीतली आहेत. आणि त्याच्या मृत्यूनंतर ती वर्षे पुन्हा परतून आलेली नाहीत.

११ जून १९६३ रोजी रहीमसाहेबांचे देहावसान झाले, त्याला आता साठांहून अधिक वर्षे लोटली. २०२४ साली ‘मैदान’ हा हिंदी चित्रपट प्रकाशित झाल्यामुळे त्यांचे नाव नव्या पिढीच्या कानी पडले, ही समाधानाची गोष्ट होय. पण चित्रपटाचा भर स्वाभाविकच मोठ्या सामन्यांवर आणि लाखभर प्रेक्षकांच्या जल्लोषावर असतो. त्या विजयांच्या मुळाशी असलेली गोष्ट फार साधी आहे. अपुरे मैदान, मोजकी मुले आणि ऐकताक्षणी विचित्र वाटावा असा एखादा नियम, एवढेच तिचे साहित्य. विद्यार्थिमित्रांस उपयोगी पडेल ती हीच गोष्ट, म्हणून रहीमसाहेबांच्या चरित्रातील तो भाग येथे थोडा विस्ताराने सांगण्याचे योजिले आहे.

रहीमसाहेबांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ रोजी हैदराबाद येथे झाला. हैदराबाद तेव्हा निजामाच्या राज्याची राजधानी होती. मराठवाड्याचे पाच जिल्हे त्याच राज्यात मोडत असल्यामुळे उर्दू, तेलुगू, मराठी आणि कन्नड या चारही भाषा शहराच्या रस्त्यांवर एकमेकींच्या शेजारी नांदत असत. आपल्यापैकी अनेकांची घराणी त्याच काळापासून या शहरात स्थिरावली आहेत. लष्करी छावणीमुळे सिकंदराबादेस गोऱ्या पलटणींचे फुटबॉलचे सामने होत, आणि ते पाहून पाहून शहरातील मोहल्ल्यांतही या खेळाचे वेड शिरले होते. लहानगा रहीम या वेडातच वाढला. पुढे उस्मानिया विद्यापीठात शिकत असता त्याने विद्यापीठाच्या संघातून नाव मिळविले. पदवी घेतल्यावर मात्र त्याने पेशा पत्करला तो शिक्षकाचा. काचीगुडा येथील शाळा, उर्दू शरीफ, दारुल-उलूम, चादरघाट अशा निरनिराळ्या शाळांतून त्यांनी अध्यापन केले. काचीगुडा आणि चादरघाट ही तर आपल्या रोजच्या जाण्यायेण्याच्या वाटेवरची ठिकाणे! शारीरिक शिक्षणाची पदविका संपादन केल्यानंतर शाळेतील खेळांची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. आणि येथून पुढे त्यांच्या आयुष्यात वर्ग आणि मैदान यांच्यामध्ये भिंत अशी उरली नाही.

१९४३ साली रहीमसाहेब हैदराबाद फुटबॉल संघटनेचे चिटणीस झाले. हे पद त्यांनी अखेरपर्यंत सांभाळले. चिटणिसाचे काम म्हणजे पत्रव्यवहार, वर्गणी आणि सामन्यांच्या तारखा, असा सर्वसाधारण समज असतो. रहीमसाहेबांनी त्या पदाचा उपयोग एका निराळ्याच कामासाठी केला. शाळाशाळांतील आणि मोहल्ल्यांतील मुलांना लहानपणापासून विचारपूर्वक खेळावयास शिकवावयाचे, असा त्यांचा निर्धार होता.

हा निर्धार त्या काळी किती आवश्यक होता, हे समजण्यासाठी तेव्हाच्या खेळाची रीत ध्यानात घेतली पाहिजे. आपल्याकडचे बहुतेक खेळाडू अनवाणी खेळत. चेंडूवर त्यांची हुकमत विलक्षण असे. एखादा खेळाडू चेंडू पायाशी घोळवीत तीनचार गड्यांना चकवून पुढे गेला, की प्रेक्षक टाळ्यांचा कडकडाट करीत. टाळ्यांच्या लोभाने तो चौथ्याला चकवावयास जाई आणि तेथे चेंडू गमावून बसे. ज्यांना ही करामत साधत नसे, ते चेंडू मिळताच तो लांबवर भिरकावून मोकळे होत. पहिल्या तऱ्हेच्या खेळात बाकीचे दहा गडी प्रेक्षक होत. दुसऱ्या तऱ्हेच्या खेळात दैवाचे दास होत. दोहींतही आपल्या सोबत्याकडे पाहणे, मोकळी जागा हेरणे आणि प्रतिपक्षाची पुढची चाल ओळखणे या गोष्टींना वाव नव्हता. शिक्षक असल्यामुळे रहीमसाहेबांना एक गोष्ट उमगली होती : विशीतल्या तरुणाला व्याख्यान देऊन ही खोड मोडता येत नाही. सवय बालपणी लागते, आणि ती सांगून लागत नाही, करवून घ्यावी लागते.

मग त्यांनी काय केले? त्यांनी हैदराबादेत निरनिराळ्या प्रकारच्या छोट्या स्पर्धा सुरू केल्या. त्यांतला एक प्रकार म्हणजे अकरांऐवजी चारपाच गड्यांच्या संघांचे सामने. दुसऱ्या प्रकारच्या स्पर्धेत चेंडू घोळवीत पुढे नेण्यास, म्हणजेच ड्रिब्लिंग करण्यास, मुळी बंदीच असे. चेंडू आला की तो तत्काळ सोबत्याकडे दिला पाहिजे. तिसऱ्या प्रकारात खेळाडूने आपल्या कमकुवत पायानेच चेंडू मारावयाचा, अशी अट असे. उजव्या पायाच्या खेळाडूला डाव्याने आणि डावखुऱ्याला उजव्याने. हे नियम ऐकून प्रथम कित्येकांना हसू आले असेल. परंतु यांतील प्रत्येक नियमामागे एकेका दोषाचे निदान आणि त्याचे औषध होते.

प्रथम थोड्या गड्यांच्या सामन्याचा विचार करू. अंकगणितातील साधे उदाहरण घ्या. अकरा-अकरा जणांच्या सामन्यात मैदानावर बावीस खेळाडू असतात आणि चेंडू एकच असतो. नव्वद मिनिटांचा वेळ सर्वांस सारखा वाटला, तर प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम चार मिनिटे येतात. त्यातून चेंडू मैदानाबाहेर जातो, पंचाची शिट्टी वाजते, तो काळ वजा करावयाचा. आणि शाळेच्या सामन्यात चार मिनिटे सर्वांस सारखी मिळतात असे थोडेच आहे! अंगापिंडाने मोठी असलेली दोनतीन मुलेच सारा वेळ खाऊन टाकतात आणि कडेला उभे असलेले किरकोळ पोर संध्याकाळी घरी जाते, ते चेंडूला दोनदा पाय लावून. तेच पाच-पाच जणांचे संघ केले, तर खेळाडू दहा होतात आणि तेवढ्याच वेळात प्रत्येकाच्या वाट्याला नऊ मिनिटे येतात. येथे कोणाला लपावयास जागा नाही. भित्र्याला चेंडू घ्यावाच लागतो आणि हावऱ्याला तो द्यावाच लागतो. कारण त्याच्या संघाचे काम त्याच्या एकट्याने भागत नाही, हे त्याला पहिल्या पाच मिनिटांतच कळून चुकते.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. लहान जागेत प्रतिपक्षाचा गडी क्षणार्धात अंगावर येतो. चेंडू पायाशी आल्यावर मान वर करून सोबती कोठे आहे हे पाहू म्हटले, तर तोवर चेंडू गेलेला असतो. म्हणून चेंडू येण्यापूर्वीच आजूबाजूस पाहून ठेवण्याची सवय जडते. डोळा अगोदर, पाय मागाहून, हा क्रम अंगी बाणतो. शिवाय थोड्या गड्यांत खेळाची भूमिती उघड होते. चेंडू ज्याच्यापाशी आहे तो एक, त्याच्या एका अंगाला एक सोबती आणि दुसऱ्या अंगाला दुसरा. असा त्रिकोण झाला, म्हणजे प्रतिपक्षाच्या एकट्या बचावपटूला दोन्ही वाटा अडविता येत नाहीत. एकीकडे तो सरकला की दुसरी वाट मोकळी होते. मोठ्या सामन्यातील अवघड डावपेच म्हणजे तरी काय? असेच लहान लहान त्रिकोण सबंध मैदानभर पुन्हा पुन्हा रचणे आणि मोडणे. पाढे पाठ असल्यावाचून जसे त्रैराशिक सुटत नाही, तसेच हे आहे. लहान सामना हे फुटबॉलचे पाढे होत.

चेंडू घोळविण्यास बंदी घातल्याचा परिणाम तर आणखीच चमत्कारिक झाला. वरवर पाहता तो नियम चेंडू असणाऱ्यासाठी होता. त्याने खरे शिक्षण झाले ते चेंडू नसणाऱ्यांचे. ज्याच्यापाशी चेंडू आहे त्याला तो लगेच द्यावयाचा आहे, हे ठाऊक असल्यामुळे बाकीच्यांना उभे राहून चालेना. त्यांना धावून मोकळ्या जागी जावे लागे, सोबत्याला वाट करून द्यावी लागे. आपल्यापाशी चेंडू नसतानाही आपण खेळत असतो, ही फुटबॉलमधील सर्वांत अवघड शिकवण त्या एका बंदीने मुलांच्या गळी उतरली. कमकुवत पायाच्या अटीचेही तसेच. ज्याचा एकच पाय चालतो, त्याची चाल प्रतिपक्षाला आधीच कळलेली असते. बचावपटू त्याला नेमका दुसऱ्या बाजूस रेटतो आणि त्याचा खेळ संपतो. दोन्ही पाय सारखे झाले, म्हणजे खेळाडूपुढे दोन वाटा असतात आणि प्रतिपक्षाच्या मनात संशय असतो.

या पद्धतीत उणीव नव्हती असे नाही. लांब पल्ल्याचे फटके, उंचावरून आलेला चेंडू डोक्याने मारणे, सबंध मैदानाच्या रुंदीचा उपयोग करणे, या गोष्टी लहान जागेत शिकता येत नाहीत. त्यांसाठी मोठे मैदान आणि पुरा संघच पाहिजे. लहान सामना हा मोठ्या सामन्याची तयारी होय, त्याची जागा घेणारा नव्हे. तथापि तयारीच्या या मार्गाची योग्यता आता जगाला पटली आहे. पुढे कित्येक देशांच्या फुटबॉल संघटनांनी लहान मुलांनी अकरांच्या संघात न खेळता पाच, सात किंवा नऊ जणांच्या संघांत, लहान मैदानावर, क्रमाक्रमाने वाढत जावे असे नियमच केले. रहीमसाहेबांनी हेच काम फारशी साधने हाताशी नसताना, एका संस्थानी शहरात, कितीतरी आधी आरंभिले होते.

खेळाडू हेरण्याच्या कामीही त्यांची दृष्टी शिक्षकाची होती. सिकंदराबादजवळच्या अम्मुगुडा येथील तुळसीदास बलराम हा अत्यंत गरीब घरातला मुलगा. त्याचा खेळ रहीमसाहेबांच्या नजरेत भरला आणि त्यांनी त्याला सरावासाठी बोलाविले. मुलाची अडचण अशी, की इतक्या दुरून रोज शहरात येण्यास लागणारे पैसे त्याच्या घरी नव्हते. रहीमसाहेबांनी त्याला भाड्याची सायकल घेऊन यावयास सांगितले आणि तिचे भाडे आपण सोसले. हाच बलराम १९५६ साली मेलबर्नच्या आणि १९६० साली रोमच्या ऑलिंपिकमध्ये भारतातर्फे खेळला आणि १९६२ साली अर्जुन पुरस्काराचा मानकरी झाला. त्या दिवशी सायकलच्या भाड्याचा प्रश्न सुटला नसता, तर देश एका असामान्य खेळाडूला मुकला असता. अशी किती मुले केवळ भाड्याअभावी मैदानापर्यंत पोचत नसतील, याचा विचार प्रत्येक शाळेने करावा.

१९५० साली हैदराबाद शहर पोलीस संघाचे प्रशिक्षकपद रहीमसाहेबांकडे आले आणि त्यांच्या शिकवणीची फळे सर्व देशाला दिसू लागली. मुंबईची रोव्हर्स चषक स्पर्धा त्या काळी देशातील अग्रगण्य स्पर्धांत गणली जाई. या संघाने ती १९५० पासून १९५४ पर्यंत लागोपाठ पाच वर्षे जिंकली. ड्युरँड चषकावरही त्याने १९५० साली प्रथम नाव कोरले आणि पुढे १९५४, १९५७ व १९६१ साली पुन्हा. कूपरेजच्या मैदानावर जमलेल्या मुंबईकरांना हैदराबादी खेळाचे कौतुक वाटे ते यासाठी, की चेंडू एका पायाकडून दुसऱ्या पायाकडे जमिनीलगत असा फिरे, जणू सर्वांचा विचार एकच आहे. नूर महंमद, अझीझ, मोइनुद्दीन, लायक असे एकाहून एक सरस गडी त्या संघात होते. परंतु संघ कोणा एकावर विसंबून नसे. १९५६ च्या नोव्हेंबरात राज्यांची पुनर्रचना झाली, मराठवाडा मुंबई राज्यात गेला, हैदराबाद ही आंध्र प्रदेशाची राजधानी झाली आणि पोलीस संघाचे नावही बदलले. संघाच्या खेळाचे वळण मात्र तेच राहिले, कारण ते घडविणारा हात तोच होता.

राष्ट्रीय संघाचे मार्गदर्शनही याच सुमारास त्यांच्याकडे आले. १९५१ च्या मार्च महिन्यात दिल्लीस पहिले आशियाई खेळ झाले. शैलेन मन्ना यांच्या नेतृत्वाखाली भारताने अंतिम सामन्यात इराणचा १-० असा पराभव करून सुवर्णपदक मिळविले. विजयी गोल मेवालाल यांनी केला. देशभर आनंदीआनंद झाला. पण यश जसे शिकवीत नाही तसे अपयश शिकविते, आणि ते अपयश पुढल्याच वर्षी वाट पाहत होते. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये भारताची गाठ युगोस्लाव्हियाशी पडली. थंड हवा, निसरडे मैदान, आणि आपले बहुतेक खेळाडू अनवाणी. भारत १०-१ असा हरला. दहा गोलांचा तो पराभव मोठा मानहानिकारक होता.

एखादा सामान्य मनुष्य अशा प्रसंगी हवेला, पंचाला किंवा नशिबाला दोष देऊन मोकळा झाला असता. रहीमसाहेबांनी त्या पराभवाकडे अभ्यासाचा विषय म्हणून पाहिले. बूट घालून खेळण्यावाचून गत्यंतर नाही, हे त्या दिवशी सिद्ध झाले आणि पुढे ते सक्तीचे झाले. परंतु उणीव केवळ बुटांची नव्हती. युगोस्लाव्हियाचे खेळाडू चेंडूवाचून जे धावत होते, ती खरी उणीव होती. त्याच हेलसिंकीत हंगेरीने सुवर्णपदक मिळविले, आणि २५ नोव्हेंबर १९५३ रोजी त्याच हंगेरीने वेम्ब्लीच्या मैदानावर इंग्लंडचा ६-३ असा पाडाव करून जगाला थक्क केले. हंगेरीची युक्ती अशी, की आघाडीच्या फळीतील मधला खेळाडू पुढे न राहता मागे सरके. त्याच्यावर पहारा ठेवणारा बचावपटू पेचात पडे. मागोमाग जावे, तर आपल्या गोलासमोरची जागा उघडी पडते. जाऊ नये, तर तो मोकळा राहतो. रहीमसाहेबांनी ही युक्ती आपल्या संघांत आणली. ती त्यांच्या शिष्यांना लवकर साधली याचे आश्चर्य वाटू नये. पाच जणांच्या सामन्यात त्रिकोण रचावयास शिकलेल्या मुलाला हा नवा पेच म्हणजे जुन्याच पाढ्याचे मोठे गणित होते.

१९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये या तपश्चर्येचे फळ मिळाले. पहिल्या फेरीत हंगेरीने माघार घेतल्यामुळे भारत पुढच्या फेरीत गेला आणि तेथे त्याने यजमान ऑस्ट्रेलियाचा ४-२ असा पराभव केला. या सामन्यात तीन गोल करून नेव्हिल डिसूझा यांनी इतिहास घडविला. ऑलिंपिकच्या एकाच सामन्यात तीन गोल करणारे ते पहिले आशियाई खेळाडू. गोव्यातील आसगावात जन्मलेला आणि मुंबईच्या मैदानांवर गाजलेला हा खेळाडू, म्हणून आपल्या मराठी मनाला या विक्रमाचा विशेष अभिमान वाटावा. उपांत्य सामन्यात पुन्हा युगोस्लाव्हियाच समोर आला. पहिला गोल भारताने केला, तोही डिसूझा यांनीच. परंतु अखेर भारत ४-१ असा हरला. कांस्यपदकाच्या सामन्यातही बल्गेरियाने ३-० असा विजय मिळविल्यामुळे भारताचे पदक हुकले. तरीही ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीत पोचणारा तो पहिला आशियाई संघ ठरला. चार वर्षांपूर्वी दहा गोल खाणाऱ्या संघाची ही मजल होती. १९६० साली रोम येथे भारताने फ्रान्सशी १-१ अशी बरोबरी साधली आणि बलाढ्य हंगेरीपुढे अवघ्या एका गोलाने, २-१ अशी हार पत्करली. पेरूविरुद्धही हार झाल्याने पुढची फेरी गाठता आली नाही. पण जगाच्या दृष्टीने भारताचा संघ आता दयेचा विषय राहिला नव्हता.

आता त्यांच्या चरित्रातील अखेरचा आणि सर्वांत हृदयस्पर्शी अध्याय. १९६२ साली जाकार्ता येथे आशियाई खेळ व्हावयाचे होते. रहीमसाहेबांना फुप्फुसाच्या कर्करोगाने ग्रासले होते. शरीर झिजत होते, खोकला पाठ सोडीत नव्हता. अशा अवस्थेत मनुष्य घरी विश्रांती घेतो. रहीमसाहेब संघाबरोबर जाकार्तास गेले.

पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने भारताला २-० असे हरविले. पुढच्या सामन्यात थायलंडवर ४-१ असा विजय मिळाला, पण बचावफळीचा आधारस्तंभ जर्नेलसिंग याच्या डोक्याला जबर दुखापत होऊन टाके घालावे लागले. त्यानंतर जपानला २-० असे नमवून भारत उपांत्य फेरीत आला. मैदानाबाहेरही परिस्थिती बिकट झाली होती. इस्रायल आणि तैवान यांना या खेळांपासून दूर ठेवल्याबद्दल भारतीय क्रीडाधुरीण गुरुदत्त सोंधी यांनी हरकत घेतली होती. त्यामुळे स्थानिक जनमत भारतावर खवळले होते आणि भारतीय वकिलातीवरही जमाव चालून गेला होता. आपले खेळाडू मैदानात उतरले की प्रेक्षकांतून धिक्काराचा गदारोळ उठे.

येथे रहीमसाहेबांनी एक धाडसी निर्णय घेतला. डोक्याला टाके पडलेला जर्नेलसिंग बचावफळीत पूर्वीसारखा उपयोगी पडणार नव्हता; पण याआधी तो आघाडीवर खेळलेला आहे, हे त्यांस ठाऊक होते. त्यांनी त्याला आघाडीस घातले. दक्षिण व्हिएतनामविरुद्धच्या उपांत्य सामन्यात भारत ३-२ असा जिंकला. त्यांतला एक गोल जर्नेलसिंगाचा होता, आणि दोन कर्णधार चुनी गोस्वामी यांचे.

अंतिम सामन्याच्या आदल्या रात्री रहीमसाहेबांनी आपल्या खेळाडूंना जवळ बोलाविले आणि त्यांच्याकडे एकच देणगी मागितली. दुसऱ्या दिवशीचे सुवर्णपदक, एवढीच ती मागणी होती. गुरुदक्षिणा मागण्याची ही वेळ का आली आहे, हे ओळखण्याइतके ते खेळाडू समंजस होते.

४ सप्टेंबर १९६२. सेनायनचे क्रीडांगण सुमारे एक लक्ष प्रेक्षकांनी फुलून गेले होते, आणि त्यांतील बहुतेक भारताच्या विरुद्ध होते. समोर तोच दक्षिण कोरियाचा संघ होता. सतराव्या मिनिटाला प्रदीपकुमार बॅनर्जी यांनी गोल केला. विसाव्या मिनिटाला डोक्याला टाके असलेल्या जर्नेलसिंगाने दुसरा गोल केला. गोलरक्षक पीटर थंगराज याने आणि बचावफळीने त्यानंतर आपला गोल प्राणपणाने राखला. सामना संपत आला असता कोरियाने एक गोल फेडला, पण विजय भारताचाच झाला. २-१! शिष्यांनी दक्षिणा चुकती केली. भारताचे आशियाई फुटबॉलमधील ते दुसरे सुवर्णपदक होते, आणि आजपर्यंत तेच अखेरचे ठरले आहे.

त्यानंतर नऊ महिने लोटले आणि वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी रहीमसाहेबांची प्राणज्योत मालवली. पुढची कहाणी दुःखाची आहे. १९७० साली आशियाई खेळांत भारताला एक कांस्यपदक मिळाले. १९६० नंतर भारताचा फुटबॉल संघ ऑलिंपिकमध्ये दिसलेला नाही. आपल्या देशात बुद्धिमान मुले जन्मावयाची थांबली, असे तर कोणी म्हणणार नाही. एक मनुष्य गेला आणि त्याच्याबरोबर त्याची पद्धतही मावळू दिली गेली, हे त्यातले खरे दुःख. मोठ्या संघांची शिबिरे भरत राहिली. परंतु मोहल्ल्यातल्या पोरांना कमकुवत पायाने खेळावयास लावणारा चिटणीस मिळाला नाही. फळे सर्वांना हवी होती, रोपट्याला पाणी घालणारा एकच होता. म्हणून रहीमसाहेबांचे स्मरण करताना केवळ हारतुऱ्यांवर थांबून भागणार नाही.

विद्यार्थिमित्रहो, आपल्या शाळेचे पटांगण लहान आहे, पुरे अकरा गडी जमत नाहीत, गोलाचे खांब नाहीत, अशी कुरकूर मधल्या सुट्टीत नेहमी कानी येते. रहीमसाहेबांचे चरित्र वाचल्यावर ही कुरकूर करावयास तोंड राहत नाही. पाच-पाच जणांचे दोन संघ करा. चार दप्तरे ठेवून दोन गोल करा. चेंडूला दोनदाहून अधिक पाय लावावयाचा नाही, असा नियम घाला. दुसऱ्या दिवशी फक्त डाव्या पायाने खेळा. जो मुलगा नेहमी कडेला उभा राहतो त्याला संघात घ्या, कारण पाचांच्या संघात त्याच्यावाचून तुमचे चालणार नाही आणि तुमच्यावाचून त्याचे. पहिले काही दिवस चुका होतील, हसे होईल. मग एके दिवशी चेंडू पायाशी येण्यापूर्वीच तुमची मान आपोआप वर होऊन सोबत्याला शोधू लागेल. त्या क्षणी समजावे, की काचीगुड्याच्या शाळेतील त्या मास्तरांचा तास अजून चालू आहे, आणि आपण त्या वर्गात हजर आहोत.